साठ पानांची पंगत

या महिन्यात लग्नाच्या जेवणाविषयीची पत्रं बरीच आली. लहान, घरगुती लग्नं करायची इच्छा वाढते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण त्यातल्या अडचणी पुष्कळ घरांतल्या आहेत. बाकीच्यांना जागा उरेल तशी.

प्रश्न : काकू, स. न. माझ्या मुलीचं लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. सकाळी नोंदणी आणि संध्याकाळी आमच्या लोकमान्य नगरच्या घराच्या अंगणात जेवण. माणसं साठच. जावई माळवी घरातले, मराठी नाहीत. मुलगी आर्किटेक्ट आहे. तिला सजावट माणिकबाग राजवाड्यासारखी हवी, मोजकी आणि सुबक. मला मात्र वाटतं, घरातलं पहिलं लग्न आहे, तर घर भरलेलं दिसावं. डेकोरेटरने प्लास्टिकच्या फुलांची कमान, जांभळे दिवे आणि बुफेचे सहा काउंटर सुचवले आहेत. अंगण 40 फूट रुंद, 30 फूट खोल, कोपऱ्यात आंब्याचं झाड. काय करू?
— मुलीची आई, इंदूर

उत्तर : ताई, आधी बुफेबद्दल बोलते. साठ माणसांना बुफे नको.

2009 साली माझ्या मोठ्या मुलाचं लग्न आम्ही शहराबाहेरच्या एका गार्डनमध्ये केलं. सातशे माणसं होती. रात्री साडेदहाला मला माझ्या सासूबाई दिसल्या. 81 वर्षांच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात भरलेली प्लेट, आणि खुर्ची शोधत उभ्या. भाजीचा रस प्लेटच्या काठावरून त्यांच्या पदरावर ओघळत होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाढली, तिला नातवाच्या लग्नात कोणी पान मांडून दिलं नाही. त्या रात्री विहीणबाईंशीही माझं धड एक वाक्य बोलणं झालं नाही. आम्ही दोघी फोटोत शेजारी आहोत, तेवढंच.

तेव्हापासून मला कोणी लग्नाच्या जेवणाबद्दल विचारलं की मी एकच सांगते: विहिणीची पंगत करा. आपल्याकडे मोजक्या माणसांचं, देखणं, शांतपणे चालणारं लग्नातलं जेवण पूर्वीपासून आहे, त्यासाठी मासिकांतली परदेशी चित्रं बघावी लागत नाहीत. वरमाईसाठी केळीचं पान, पानाभोवती रांगोळीची महिरप, समया, उदबत्ती, चांदीचं फुलपात्र, हाताला अत्तर, केसांत गजरा, शेवटी विडा. आणि जेवण चालू असताना मुलीकडच्या बायका 'विहीण' हे गाणं म्हणणार, आमच्या लेकीला सांभाळा म्हणून. माझ्या लग्नात 1983 साली रामबागेतल्या वाड्यात माझ्या आत्याने विहीण म्हटली होती. देवासच्या माझ्या सासूबाईंनी हातातला घास पानावर ठेवला आणि डोळे पुसले. ते मी समोरून पाहिलं आहे. सासरी गेल्यावर पहिले कित्येक महिने मला त्या दृश्याचा आधार होता.

सातशे माणसांत हे करता येत नाही. साठांत येतं. तेव्हा तुमच्या साठही पाहुण्यांना विहीणबाई समजा आणि मग पुढचे सगळे निर्णय घ्या. कमान हवी का, दिवे कुठले, टेबलं कशी, प्रत्येक वेळी हेच विचारायचं की पानावर बसलेल्या माणसाला याने बरं वाटेल का.

आता मुलीचं आणि तुमचं. माझा कौल मुलीच्या बाजूने आहे, पण तुमचंही मन मोडणार नाही. आपल्या शहरात होळकरांचे दोन राजवाडे दोन टोकांचे आहेत. लालबाग 1886 पासून 1921 पर्यंत बांधत होते: झुंबरं, सोनेरी नक्षी, छतावर चित्रं. आणि 1930 च्या दशकात यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग करून घेतली. तिथे सरळ रेषा, मोकळ्या भिंती, एकेक खुर्ची आणि दिवा पारखून निवडलेला. आज तिथे सरकारी कर-खात्याचं कार्यालय आहे आणि आतलं बहुतेक सामान केव्हाच लिलावात परदेशी गेलं, पण तुमच्या मुलीने ते फोटोंत पाहिलं असणार. दोन्ही वाडे सुंदरच आहेत. फसगत होते ती एकाच अंगणात दोन्ही उभे करू पाहिले की. झुंबरही, सरळ रेषाही, कमानही आणि त्यावर फुगेही. 1200 चौरस फुटांच्या अंगणाला माणिकबागच पेलेल. घर भरलेलं दिसायचं काम माणसांवर आणि पानांवर सोपवा.

मांडणी अशी करा. तीन लांब टेबलं, प्रत्येकी वीस माणसांचं, दहा इकडे, दहा तिकडे. माणशी दोन फूट रुंदी लागते, म्हणजे टेबल वीस फूट लांब. टेंट हाऊसचं साधं टेबल दोन फूट रुंदीचं मिळतं. तेवढ्यात समोरासमोर दोन केळीची पानं मावत नाहीत, म्हणून दोन टेबलं लांबीने एकमेकांना चिकटवून चार फूट रुंदी करा. दोन्ही बाजूंना पानासाठी सव्वा-सव्वा फूट गेला की मध्ये दीड फुटाचा पट्टा सजावटीला उरतो. खुर्ची आणि माणूस मिळून एका बाजूला अडीच फूट धरा, म्हणजे एका ओळीला नऊ फूट. तीन ओळींचे 27 आणि दोन ओळींच्या मध्ये वाढप्यांना चार-चार फूट, असे 35. तुमचं अंगण 40 आहे. दोरी घेऊन उद्याच मोजून बघा. जमिनीवर चुन्याने रेषा मारल्या की मुलीलाही कल्पना येईल आणि टेंटवाल्याशी वाद होणार नाहीत.

पाट-चौरंगाचा मोह मलाही होतो. पण गुडघे दुखणारी मंडळी टेबलावर आणि बाकीची खाली असं केलं की पंगत दुभंगते. सगळे एकाच उंचीवर बसू देत.

आंब्याखाली टेबल मांडू नका. फेब्रुवारीत आपल्याकडे आंबा मोहरतो. मोहोर गळतो, बारीक चिकट थेंब पडतात, आणि खाली दिवा असला तर किडे पानात येतात. झाडाखाली एक झोपाळा किंवा बाक ठेवा. जेवणानंतर विडा खात म्हातारी मंडळी तिथे बसतील, आणि मोहोराचा वास तर सगळ्या अंगणाला मिळेलच. इतका सुंदर वास विकत मिळत नाही, म्हणून टेबलावर सुगंधी मेणबत्त्या अजिबात नकोत. एका जेवणात मी तो प्रकार पाहिला आहे. मसालेभातातल्या गोडा मसाल्याचा वास कोणाला आलाच नाही, सगळीकडे व्हॅनिला. निशिगंधसुद्धा दाराशी ठेवा, पानाशी नको.

जांभळे दिवे तर नक्कीच नाकारा. जांभळ्या-निळ्या उजेडात पांढरा भात निळसर दिसतो, वरण मातकट दिसतं, माणसांचे चेहरे आजारी दिसतात. बल्बच्या खोक्यावर 2700 के लिहिलेलं असेल ते घ्या, तो जुन्या पिवळ्या दिव्याचा उजेड. तारेवर टांगलेले लहान बल्ब टेबलांच्या बरोबर वर, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर, तीन सरळ ओळींत. मुलीला सरळ रेषा हव्याच आहेत. पिवळा उजेड पुरेसा हवा, कारण आजोबांना आमटीतली मिरची दिसली पाहिजे. समया टेबलावर ठेवू नका. प्रत्येक टेबलाच्या दोन टोकांना, जमिनीवर, एकेक उंच समई. वाढप्यांच्या वाटेपासून हातभर आत, आणि मुलांची जबाबदारी एका मामाकडे सोपवलेली.

मधल्या दीड फुटाच्या पट्ट्यासाठी माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती तुम्ही केलीत तर मला फार बरं वाटेल. माहेश्वरी साडी ब्लाउजपीस धरून साधारण सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट असते. तुमच्या टेबलाची लांबी तीच आहे! साडीचा मधला भाग खाली दुमडला आणि दोन्ही काठ वर राहू दिले की दीड फुटाची पट्टी तयार होते, दोन्ही कडांना काठ. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली आणि विणकर वसवले. त्या साड्यांच्या काठांवरच्या विटा, लाटा, चटई हे नमुने नर्मदेच्या घाटावरच्या आणि किल्ल्याच्या दगडी नक्षीशी नातं सांगतात. सगळ्या सरळ, भौमितिक रेघा. माणिकबाग आवडणाऱ्या मुलीला यापेक्षा जवळचं काय सापडणार? तीन साड्या लागतील. एक तुमची, एक तुमच्या आईची किंवा सासूबाईंची, आणि तिसरी विहीणबाईंकडून मागून घ्या. माळवी घरात माहेश्वरी असतेच. "तुमची एक साडी आमच्या पंगतीला द्याल का?" एवढं विचारायला स्वतः जा. रंग जुळले नाहीत तरी चालेल. खाली पांढरी सुती चादर घाला, टेंटवाल्याचं सॅटिन नको, ते घसरतं आणि चकाकतं. खुर्च्यांना रिबिनीचे गाठोडेही बांधू देऊ नका.

साडीवर फुलं कमी आणि बुटकी. वीतभर उंचीच्या वर काही जाता कामा नये. माझ्या भाचीच्या लग्नात प्रत्येक टेबलावर अडीच फूट उंच पितळी स्टँड आणि त्यावर फुलांचा डोंगर होता. समोर बसलेल्या व्याह्यांचा फक्त आवाज येत होता. शेवटी आमच्या ह्यांनी उठून चार स्टँड भिंतीशी नेऊन ठेवले आणि गप्पा सुरू झाल्या. घरातले पितळी गडवे, पंचपात्रं, लहान तांबे चिंचेने घासून घ्या. त्यात पांढरी-पिवळी शेवंती, दोन-दोन फुटांवर एक. फेब्रुवारीत शेवंती असते, गुलाब उत्तम असतो. मोगऱ्याचा हट्ट धरू नका, त्याचे दिवस अजून आलेले नसतात आणि लांबून आणलेला मोगरा संध्याकाळपर्यंत तपकिरी पडतो. गजरे शेवंतीचे किंवा निशिगंधाचे करा. फुलं आदल्या संध्याकाळी आणून, देठ तिरके कापून, रात्रभर बादलीत गळ्यापर्यंत पाण्यात ठेवा. प्लास्टिकचं एकही फूल नको. कमानीऐवजी फाटकाला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं जाड तोरण, ते तुमच्यासाठी. घर लग्नाचं आहे हे रस्त्यावरून कळायला तेवढं पुरतं.

महिरप मात्र सोडू नका. टेबलावर रांगोळीची पूड उडते आणि पानात जाते, म्हणून महिरप तांदळाच्या ओल्या पिठाने, कापसाच्या बोळ्याने चादरीवर रेखा, दुपारी चारला, म्हणजे वाळून बसेल. साठ पानांना दोन मुली आणि एक मावशी अडीच तासांत करतात. मी करून घेतलं आहे.

केळीची पानं इंदुरात फुलबाजारात सांगून ठेवली की मिळतात. बऱ्हाणपूर आणि निमाड केळीचाच मुलूख आहे. साठ माणसांना 80 सांगा, काही फाटलेली निघतातच. पान ओल्या फडक्याने पुसून गॅसच्या मंद आचेवरून झरकन फिरवलं की लवचिक होतं आणि चिरत नाही. टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. टेंटवाल्याची पोरं हे उलटसुलट मांडतात, तेव्हा एखाद्या आजींना उभं करा. त्यांना तो मान आवडेलही.

जेवणाबद्दल माझं ठाम मत आहे की पदार्थ मोजके आणि गरम हवेत. सहा काउंटरांवर तीस पदार्थ थंड होत पडण्यापेक्षा पानावर बारा पदार्थ वेळेवर आलेले बरे. पाहुणे आल्यावर उभ्याउभ्या टोमॅटोचं गरम सार लहान पेल्यांत आणि जिरावण मसाला भुरभुरलेला तळलेला गराडू हा कंद. फेब्रुवारी म्हणजे गराडूचे शेवटचे चांगले दिवस, आणि जावयाकडच्या मंडळींना फाटकातून आत आल्याबरोबर आपल्या घरात आल्यासारखं वाटेल. भुट्ट्याचा किस कोणी सुचवला तर नको म्हणा, तो पावसाळ्यातला. दाल-बाफलेही या पंगतीत नकोत. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो तुपात बुडालेला असतो, दोन खाल्ले की माणूस पेंगतो, मग मसालेभात कोण खाणार? बाफल्यांचं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे होईलच.

पानावर डावीकडे लिंबू, ओल्या खोबऱ्याची चटणी, गाजराची कोशिंबीर, पंचामृत. मीठ वर मध्यभागी. उजवीकडे बटाट्याची सुकी भाजी, मटारची उसळ (माळव्याच्या मटाराची गोडी या दिवसांत शिगेला असते), अळूचं फदफदं. मग साधा भात, वरण, तूप. या भातासाठी बालाघाटचा चिन्नौर मिळवा. झाकण काढलं की तीन पानांपलीकडे वास जातो. पुऱ्या, मसालेभात, मठ्ठा, पापड-कुरडया आणि गरम जिलबी. गोड एकच. घरातल्या घरात जिलबी तळणारा एक कारागीर बसवा, इंदुरात त्याची वाण नाही. अंदाज सांगते: साठ माणसांना साध्या भाताला तीन किलो तांदूळ, मसालेभाताला साडेचार, जिलबी सहा किलो, पुऱ्या माणशी पाच. आचारी यापेक्षा दुप्पट सांगेल. ऐकू नका.

वाढायला सहा वाढपी, म्हणजे दहा माणसांमागे एक. त्यांना आदल्या दिवशी बोलावून क्रम पाठ करून घ्या. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, ती पाहायला लोक रांगा लावतात. मला त्यातलं आवडतं ते एवढंच की पाहुणा जागचा हलत नाही, पदार्थ त्याच्यापर्यंत चालत येतो. तुमच्याकडे गाडी नाही, पण भाचरं आहेत. तूप आणि जिलबी वाढप्यांच्या हाती देऊ नका. तूप तुम्ही स्वतः वाढा, जिलबी नवरा-नवरीने. आग्रह एकदाच करायचा, डोळ्यांत बघून.

चूल कुठे? अंगणात नको. लालबागेचं स्वयंपाकघर नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि भुयारी वाटेने महालाला जोडलेलं आहे, म्हणजे धूर नाही, भांड्यांचा आवाज नाही. तुम्ही घरामागची मोरीची बाजू घ्या, आणि तिथून अंगणापर्यंतची वाट रुंद, कोरडी, उजेडाची ठेवा. तिथे सतरंजी अंथरू नका, पाय अडकतो.

साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळेल. माणसं सातला बोलवा, पानं साडेसातला मांडा. आपल्याकडच्या रात्रींना उगाच शब-ए-मालवा म्हणत नाहीत, पण फेब्रुवारीत नऊनंतर गारठा पडतो, म्हणून खुर्च्यांजवळ टोपल्यांत घडी केलेल्या शाली ठेवा. आणि ताई, शेवटचं. विहिणीच्या पंगतीत मुलीची आई उभी राहून वाढत असे, तो रिवाज मोडा. तूप वाढून झालं की विहीणबाईंच्या शेजारच्या पानावर तुम्ही बसायचं. ते पान सुरुवातीपासून मांडलेलं असू द्या, रिकामं, महिरपीसकट, म्हणजे तुम्हाला कोणी विसरणार नाही.

प्रश्न : नातवाच्या लग्नाला पन्नासच माणसं बोलवायची असं मुलाने ठरवलं आहे. माझे चुलत भाऊच सतरा आहेत. आयुष्यभर ज्यांच्याकडे जेवलो त्यांना काय तोंड दाखवू? पत्रिका न पाठवण्यापेक्षा लग्नच नको वाटतं.
— एक आजोबा, सुदामा नगर

उत्तर : आजोबा, तुमचं दुःख खरं आहे आणि त्याला "जमाना बदलला" असं उत्तर मी देणार नाही. ज्यांच्या घरचं अन्न खाल्लं त्यांना आपल्या घरी जेवू घालणं हे ऋण आहे.

पण ते ऋण एकाच संध्याकाळी फेडायला हवं असं नाही. लग्नानंतरच्या आठवड्यांत, रविवारी सकाळी, नव्या जोडप्याला घेऊन सतरा चुलत भावांना पोहे-जिलबीला घरी बोलवा. एका वेळी तीन-चार घरं. नवी सून प्रत्येकाच्या पाया पडेल, नाव विचारेल, तुम्ही सांगाल, "हा माझ्याबरोबर होळकर कॉलेजात होता," किंवा जे असेल ते. मोठ्या मांडवात तिला सतरातली दोन नावंही लक्षात राहिली नसती. आणि हे लग्नाच्या आधी, तुमच्या तोंडून, फोनवर कळवा. मुलाने पाठवलेल्या मोबाईलवरच्या निरोपावर सोडू नका. लोक दुखावतात ते दुसऱ्याकडून कळल्यावर.

एक अट मुलालाही घाला. पन्नास म्हणजे दोन्हीकडचे पन्नास. त्याच्या ऑफिसातले पंधरा आणि तुमचा एकही भाऊ नाही, असं नको. सर्वांत थोरल्या भावाला पंगतीत जागा मिळालीच पाहिजे, आणि ती तुमच्या शेजारी.

प्रश्न : आम्ही दोघं वेगवेगळ्या धर्मांचे. नोंदणी विवाह करून त्याच संध्याकाळी चाळीस जणांचं जेवण ठेवायचं आहे. हॉटेलची टेरेस आधी बुक करावी का?
— विजय नगर

उत्तर : आधी नोटीस, मग टेरेस. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली तुम्ही विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यानंतर 30 दिवस थांबावं लागतं, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. ते तीन साक्षीदार तुमच्या चाळिसांतले सर्वांत जवळचे निवडा आणि संध्याकाळी त्यांना तुमच्या समोर बसवा. जेवण नोंदणीच्या दिवशीच ठेवण्यापेक्षा पुढच्या शनिवारी ठेवलंत तर कचेरीतल्या उशिराची धास्ती राहत नाही. टेरेसवर वारा असतो, तेव्हा हलकी फुलदाणी आणि कागदी रुमाल नकोत. गाणी लावणार असाल तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे, म्हणून जेवण आठच्या आत सुरू करा. तुम्हा दोघांना माझे आशीर्वाद.

प्रश्न : घरच्या लग्नात जेवणानंतरच्या कचऱ्याचं काय करावं? थर्माकोलची ताटं नकोत हे पक्कं आहे.
— तिलक नगर

उत्तर : केळीची पानं किंवा खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पत्रावळी-द्रोण घेतले की जवळजवळ सगळा कचरा ओला होतो. दोन मोठे पिंप ठेवा आणि पानं उचलणाऱ्याला सांगा की पानांबरोबर प्लास्टिकचं काही जाता कामा नये. पाण्याच्या लहान बाटल्या ठेवू नका, तांब्या-भांडं ठेवा. आपल्या शहराचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो आणि त्याचा गॅस होतो, 2022 पासून. झोनच्या कार्यालयात दोन दिवस आधी कळवलं तर गाडीची वेळ ठरवता येते. उरलेलं न उष्टावलेलं अन्न दोन तासांच्या आत बांधून द्या, उशीर झाला तर देऊ नका.

प्रश्न : काकू, तुमच्या एका जुन्या उत्तरात विहीण म्हणण्याचा उल्लेख होता. आमच्या घरात आता विहीण येणारं कोणी उरलं नाही. आजी गेली आणि तिच्याबरोबर सगळं गेलं. बहिणीच्या लग्नात स्पीकरवर ध्वनिमुद्रण लावलं तर चालेल का?
— करवली, राजेंद्र नगर

उत्तर : नको गं. स्पीकरवरून आली की विहीण पार्श्वसंगीत होते, लोक तिच्यावर बोलत राहतात. विहीणबाईंच्या समोर उभं राहून, त्यांच्याकडे बघून म्हणायची असते. आवाज कापला तरी चालतो, कापतोच.

तूच म्हण. चार कडवी पुरेत. चाल ओवीसारखी संथ असते, दोन आठवडे रोज संध्याकाळी म्हणत राहिलीस तर बसेल. शब्दांत बहिणीच्या खऱ्या गोष्टी घाल: तिला पहाटे उठवत नाही, चहा आल्याशिवाय चालत नाही, रागावली की बोलत नाही पण तासाभरात येऊन गळ्यात पडते. जुन्या विहिणींतही असंच असे, प्रत्येक घराचे शब्द वेगळे. सासरचे हिंदी बोलणारे असतील तर एक कडवं माळवीत कर, शेजारची कोणी बाई सांगेल. मसालेभात वाढून झाला आणि जिलबी यायची आहे, त्या मधल्या वेळात उभी राहा. तेव्हा वाढप्यांना थांबवायचं आधीच सांगून ठेव आणि पंखे, संगीत, सगळं बंद कर.

माझ्या आत्याच्या वहीत तिच्या हातची विहीण आहे, तिची मी नक्कल करून संपादकांकडे दिली आहे. तुझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मासिकाच्या कार्यालयात पाठव. चाल कागदावर नीट उतरत नाही, म्हणून एखाद्या रविवारी दुपारी रामबागेत ये. बहिणीलाही आण, पण विहीण शिकवताना तिला मी आतल्या खोलीत बसवीन, तिने ती पंगतीतच पहिल्यांदा ऐकायची आहे.